हॉर्नला अर्थ मिळाला

रविवारी दुपारी सव्वादोन वाजता आमच्या गाडीने आपण होऊन हॉर्न वाजवायला सुरुवात केली. गाडी बंद होती, किल्ली खुंटीवर होती, मी तिसऱ्या मजल्यावर होतो आणि माझ्यासमोर मठ्ठ्याची वाटी होती. पुण्यात रविवारी दुपारचे सव्वादोन म्हणजे काय, हे पुणेकरांना सांगायला नको आणि इतरांना सांगून पटणार नाही.

पहिलं मिनिटभर मला वाटलं, रस्त्यात कुणीतरी अडकलाय. "काय एकेक लोक असतात!" असं मी म्हणालोसुद्धा. दुसऱ्या मिनिटाला "ह्यांना लायसन्स देतो कोण?" असंही म्हणून झालं. तिसऱ्या मिनिटाला आवाज ओळखीचा वाटू लागला. लग्नाच्या कार्यालयात एखादं पोर भोकाड पसरतं, आपण शेजारच्याला "कुणाचं हो हे?" म्हणून विचारतो आणि मग आपलं कुठे दिसत नाही हे लक्षात येतं, तसं माझं झालं.

खाली गेलो तर अख्खी सोसायटी पार्किंगमध्ये उभी. आमची वार्षिक सभा दर वर्षी कोरमअभावी अर्धा तास तहकूब होते, इथे मात्र गालावर चटईचे वळ घेऊन सगळे हजर. जो येई तो खिडकीतून हात घालून हॉर्न दाबून बघे. वाजणारा हॉर्न आणखी दाबला की थांबतो, असा समज एवढ्या सुशिक्षित सोसायटीत असेल हे मला माहीत नव्हतं. बॅटरीची वायर सोडवायला दहाचा पाना हवा होता. पाना डिकीत होता. डिकीची किल्ली वेगळी होती आणि ती देवघराच्या खणात होती. मी तीन मजले चढून उतरेपर्यंत हॉर्नने स्वतःच प्रश्न सोडवला. आवाज आधी घोगरा झाला, मग बारीक झाला, बॉनेटखालून जळका वास आला आणि सगळं थांबलं. एका गॅलरीतून टाळ्या वाजल्या.

समोरच्या बिल्डिंगमध्ये गाण्याच्या क्लासच्या बाई राहतात. मी हात जोडून वर पाहिलं तर त्या म्हणाल्या, "आवाजाचं काही नाही हो. पण तुमचा गंधार उतरलाय. त्याचा त्रास होतो."

या गदारोळात झोप मोडली नाही ती फक्त आमच्या आईची. दुपारी आडवी होताना ती कानातलं यंत्र काढून डबीत ठेवते. साडेतीनला उठून म्हणाली, "आज किती शांत होतं नाही?"

आमची गाडी कोणत्या कंपनीची, हे मी सांगणार नाही. वय झालेल्या माणसाच्या खोकल्याबद्दल बोलताना त्याचं आडनाव घेऊ नये. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ती घेतली तेव्हा गाडीसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं थांबावं लागायचं. आता ती पन्नाशीला टेकली आहे. २०२१ च्या नव्या नियमांप्रमाणे पन्नाशी ओलांडलेल्या गाडीची 'व्हिंटेज' म्हणून नोंदणी करता येते. नंबरात 'व्हीए' ही अक्षरं मिळतात, पण मग तिला रोजच्या कामासाठी रस्त्यावर आणायचं नाही. म्हणजे मान मोठा, पण भाजी आणायला जायचं नाही. आमच्या घरात हा नियम कुणालाच मानवणार नाही, त्यामुळे तूर्त ती साधी म्हातारीच आहे.

सोमवारी वायरमन मामा आले. जुन्या गाड्यांच्या वायरिंगमध्ये त्यांचं आयुष्य गेलंय. त्यांनी स्टिअरिंगखाली डोकं घातलं आणि तिथूनच निदान सांगितलं.

"काही नाही साहेब. हॉर्नला अर्थ मिळाला."

मी मराठीत एम. ए. केलंय. इतकं गंभीर विधान मी विद्यापीठातसुद्धा ऐकलं नव्हतं.

मग मामांनी समजावलं. जुन्या गाड्यांत हॉर्नच्या एका टोकाला बॅटरीचा करंट कायमचा येऊन थांबलेला असतो, गाडी बंद असली तरी. वाजायला त्याला कमी असतो तो फक्त अर्थ, म्हणजे अर्थिंग, गाडीच्या लोखंडी अंगाचा स्पर्श. आपण स्टिअरिंगवरची चकचकीत कडी दाबतो तेव्हा हॉर्नला करंट देत नसतो, अर्थ देत असतो. ती वायर स्टिअरिंगच्या दांड्याच्या पोटातून खाली जाते. तिच्यावरचं रबर झिजून ती कुठे पत्र्याला चिकटली, की हॉर्नला आपोआप अर्थ मिळतो आणि आपल्या मताची गरज उरत नाही.

दोष गाडीचा नव्हता, माझा होता. ती वायर वर्षभरापूर्वी उघडी पडलेली मी पाहिली होती आणि तिच्यावर काळी चिकटपट्टी गुंडाळून विसरून गेलो होतो. गाडीने सूचना दिल्या नाहीत असंही नाही. महिनाभर ती फक्त डावीकडे वळताना आपोआप वाजत होती. त्यावर मी उपाय शोधला होता. मी उजवीकडे वळत वळत ऑफिसला जायला लागलो होतो. त्याने सव्वा किलोमीटर जास्त पडायचं, पण डाव्या बाजूच्या स्कूटरवाल्या बायकांचे कटाक्ष वाचायचे.

जुन्या गाड्या बाळगणाऱ्यांची आमची एक जमात आहे. रविवारी सकाळी कुठेतरी गाड्या ओळीने लावून आम्ही चहा पितो आणि त्यांची दुखणी एकमेकांना सांगतो. तिथे मी माझी कहाणी सांगितली तर कुणाला विशेष वाटलं नाही. प्रत्येकाकडे हॉर्नची एक गोष्ट तयार होती. एकाचा हॉर्न चाकं सरळ असली तरच वाजतो, त्यामुळे त्याच्यावर येणारी संकटं समोरूनच यावी लागतात. दुसऱ्याने रात्री हॉर्न वाजवला की हेडलाइट मंदावतात. समोरच्याने आपल्याला ऐकावं की आपण त्याला पाहावं, यातलं एकच काय ते त्याला निवडावं लागतं. तिसऱ्याकडे पितळी भोंगा आहे, रबराचा फुगा दाबून वाजवायचा. रबर वाळून कडक झालंय. पहिल्या दाबाला नुसती हवा, दुसऱ्याला उचकी आणि तिसऱ्याला आवाज. तोवर रस्त्यातली गाय आपल्या मर्जीने बाजूला झालेली असते. रॅलीत मात्र त्याच्याच गाडीभोवती गर्दी. पोरं "काका, भोंगा वाजवा ना" म्हणून मागे लागतात. कुणाच्या गाडीने हॉर्न वाजवावा म्हणून लोक हट्ट धरतात, असा प्रसंग भारतात एरवी येत नाही.

यातून आमच्या जमातीला एक वळण लागतं. नव्या गाडीवाला हॉर्नवर हात ठेवूनच जन्माला येतो. सिग्नल हिरवा झाल्याची बातमी पुढच्यांना देणं हे त्याला आपलं कर्तव्य वाटतं. आम्ही मात्र हॉर्न दाबण्याआधी तीन प्रश्न स्वतःला विचारतो. वाजेल का? वाजला तर थांबेल का? आणि थांबला तर नंतर गाडी सुरू होईल का? एवढा विचार होईपर्यंत पुढचा माणूस रस्ता ओलांडून पलीकडच्या टपरीवर पोचलेला असतो. लोक आम्हाला सभ्य समजतात. आमची सभ्यता बरीचशी बॅटरीवर अवलंबून आहे.

हॉर्नचा पूर्वज खरं तर माणूसच होता. इंग्लंडात १८६५ साली कायदा झाला, की यंत्रावर चालणारी गाडी रस्त्यावर आणायची तर तिच्या साठ यार्ड पुढे एका माणसाने लाल निशाण घेऊन चालायचं. गाडीचा वेग गावात ताशी दोन मैल, गावाबाहेर चार. म्हणजे पुढचा माणूस दमला तर गाडी त्याला ओलांडून जाईल अशी भीती नव्हती. पुढे निशाणवाला गेला, रबरी भोंगे आले, आणि १९०८ च्या सुमारास अमेरिकेत क्लॅक्सन आला. एका पातळ पत्र्याच्या मधोमध बारीक खुंटी आणि तिला घासत फिरणारं दातेरी चाक. जुन्या सिनेमातल्या मोटारी 'आऊगा' असं जे ओरडतात, ते हेच.

क्लॅक्सनचा जनक मिलर रीस हचिसन. त्याची गंमत अशी, की त्याआधी त्याने कमी ऐकू येणाऱ्यांसाठी विजेवर चालणारं श्रवणयंत्र बनवलं होतं. इंग्लंडच्या राणी अलेक्झांड्रानेही ते वापरलं. म्हणजे आईच्या डबीतलं यंत्र आणि माझ्या बॉनेटखालचा राक्षस, दोघांचे धागे एकाच माणसापाशी जातात. लोकांना आधी बहिरं करायचं आणि मग त्यांना यंत्र विकायचं असा त्याचा बेत होता, असा एक विनोद मार्क ट्वेनच्या नावावर सांगतात. विनोद कुणाचा का असेना, हिशोब चोख आहे.

आपल्याकडे हे शास्त्र त्याहून जुनं म्हणावं लागेल. गीतेचा पहिला अध्याय उघडा. रथ समोरासमोर उभे आहेत, रस्ता कुणीच सोडत नाहीये, आणि प्रत्येकजण आपापला शंख फुंकतो आहे. शंखांना नावं आहेत: कृष्णाचा पांचजन्य, अर्जुनाचा देवदत्त, भीमाचा पौंड्र. आवाजाने आकाश आणि पृथ्वी दणाणून गेली असं वर्णन आहे. चांदणी चौकात संध्याकाळी सात वाजता मला हा अध्याय आठवतो. फरक एवढाच, की तिथे त्यानंतर अर्जुन खाली बसला आणि विचार करू लागला.

कायद्याचं म्हणाल तर त्याने सगळा विचार केलेला आहे. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १९४-एफ आलं. विनाकारण किंवा सतत हॉर्न वाजवला तर पहिल्यांदा एक हजार रुपये दंड, पुढे दोन हजार. इस्पितळं, शाळा, न्यायालयं यांच्याभोवती शंभर मीटर शांतता क्षेत्र. ट्रकच्या पाठीवरच्या 'हॉर्न ओके प्लीज'ला महाराष्ट्र सरकारने २०१५ सालीच बंदी घातली. तरी ती अक्षरं अजून दिसतात, कारण रंगवणाऱ्याचा हात त्याच वळणाचा झालाय. मुंबई पोलिसांनी २०२० च्या सुरुवातीला तर काही सिग्नलांना आवाज मोजायची यंत्रं लावली. लोकांच्या हॉर्नचा आवाज ८५ डेसिबलच्या वर गेला की लाल दिव्याचे सेकंद पुन्हा पहिल्यापासून मोजायचे. इतकी न्यायी शिक्षा मी शाळेतही पाहिली नव्हती. नितीन गडकरींनी तर गाड्यांच्या हॉर्नमधून बासरी, तबला, हार्मोनियम अशा आपल्या वाद्यांचेच सूर यावेत अशी कल्पना मांडली आहे. मी ती गाण्याच्या बाईंना सांगितली. त्या बराच वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, "आणि सगळे वेगवेगळ्या पट्टीत?"

पण हाच कायदा असंही सांगतो, की गाडीला हॉर्न असलाच पाहिजे. वाजवायचा नाही, पण असायला हवा. मामांनी माझे दोन्ही हॉर्न उतरवून ठेवले होते, वायर बदलायची होती, आणि मनासारखा जोडीदार मिळेपर्यंत दोन-तीन महिने थांबा म्हणाले होते. मग मी सायकलच्या दुकानातून एक रबरी पोंगा आणला आणि उजव्या खिडकीशी बांधला.

पहिल्याच दिवशी गल्लीच्या तोंडाशी पों पों केलं तर दुसऱ्या मजल्यावरून हाक आली, "ओ इडलीवाले, थांबा, पातेलं आणते." आमच्या भागात सकाळी सायकलवरून इडली विकणारे असाच पोंगा वाजवत येतात. मी काच वर करून निसटलो. तिसऱ्या दिवशी एक आजोबा रस्त्याच्या मधोमध उभे राहून "चटणी आहे का?" म्हणून विचारते झाले. चौथ्या दिवशी पोंगा काढून गाडीत ठेवला, पोलिसांना दाखवण्यापुरता.

मग खरे हॉर्नशिवायचे दिवस सुरू झाले. काच खाली, उजवा हात बाहेर. अण्णांनी शिकवलेले हातवारे तीस वर्षांनी आठवले: हात लांब केला की उजवीकडे, खालीवर हलवला की हळू. हाताचा अर्थ लोकांना कळत नव्हता, पण गाडीतून माणसाचा हात बाहेर आलाय याचंच त्यांना इतकं नवल वाटायचं की ते थांबायचे. नाहीतर तोंड होतंच. "ओ काका", "ताई, जरा", "मालक, जाऊ का?" हॉर्नमध्ये हे काहीच म्हणता येत नाही. हॉर्न काकांनाही तेच म्हणतो आणि म्हशीलाही तेच. आणि म्हटल्यावर समोरचा मागे वळून बघतो, तेव्हा आपल्यालाही चेहरा नीट ठेवावा लागतो.

तरी सगळेच हॉर्न निरर्थक असतात असं मी म्हणणार नाही. घाटात 'वळणावर हॉर्न वाजवा' अशी पाटी असते, तिथे तो पलीकडच्या न दिसणाऱ्या माणसाला आपण आहोत म्हणून सांगतो. वाट दिलेल्या ट्रकला अण्णा एक छोटा हॉर्न द्यायचे, तो धन्यवाद. ट्रकवाला उलट एक द्यायचा, तो "असू दे". आणि अण्णांचा रोजचा एक हॉर्न होता. ऑफिसातून येताना गल्लीच्या कोपऱ्यावर दोनदा, छोटे छोटे. पहिल्या हॉर्नला आई चहाचं आधण ठेवायची आणि दुसऱ्याला आम्ही कॉमिक्स गादीखाली सारून भूगोल उघडायचो. त्या दोन आवाजांत एवढा अर्थ भरलेला असायचा, की अण्णा घरात येईपर्यंत बोलायचं काही राहिलेलं नसे.

शेवटी मामांनी एका रविवारी जुन्या बाजारातून हॉर्न आणला. विकणाऱ्याने तो मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सीतला आहे म्हणून सांगितलं होतं. असेलही. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची मुदत ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली, तेव्हापासून त्यांचे अवयव कुठे कुठे निघतात. बारा व्होल्टचा हॉर्न कुठल्याही गाडीला चालतो. आमच्या दोन हॉर्नपैकी जाड आवाजाचा मूळचा शाबूत होता. जळला होता तो बारीक आवाजाचा. हे हॉर्न जोडीने असतात, एक साधारण ४०० हर्ट्झचा, दुसरा ५०० चा. चारास पाच, म्हणजे सा आणि शुद्ध गंधार. कुणा इंजिनिअरने कुठल्या देशात ठरवलं माहीत नाही, पण रस्त्यावरच्या निम्म्या शिव्या या गोड जोडीवर बसवलेल्या आहेत.

मामांनी दोन्ही जोडून वाजवले आणि समोरच्या गॅलरीत बाई आल्या.

"सा तुमचा चांगला आहे हो. पांढरी पाचच्या जरा वर. गंधार कुठून आणलात?"

"टॅक्सीचा आहे."

"तरीच. घाईत आहे."

हॉर्नच्या मागे एक स्क्रू असतो. तो फिरवला की आतल्या पत्र्याचं कंपन बदलतं आणि आवाज थोडाफार वरखाली होतो. मामा बॉनेटखाली स्क्रूड्रायव्हर घेऊन वाकले. मी स्टिअरिंगवर. बाई गॅलरीत, एक हात कानाशी. मी अर्थ द्यायचा, मामांनी पाव फेरा फिरवायचा, बाईंनी मान हलवायची. "वर... अजून... नाही, खाली या... सोडू नका, धरा." क्लासच्या मुली तंबोरे सोडून कठड्याशी आल्या होत्या. मामांच्या कपाळावर घाम. चाळीस वर्षांत त्यांनी हजारो हॉर्न दुरुस्त केले असतील, पण श्रुती लावायची वेळ पहिल्यांदाच आलेली. आणि मग एका पाव फेऱ्याला दोन आवाजांचे दोन राहिले नाहीत. बाई काही बोलल्या नाहीत, नुसता हात वर केला. मामांनी स्क्रूवर लाल रंगाचा ठिपका दिला आणि म्हणाले, "आता ह्याला कुणी हात लावायचा नाही."

नवी वायर, लागलेला सूर. आता मी वाटेल तिथे डावीकडे वळू शकत होतो. पण एक अडचण झाली. इतका सुरात लावलेला हॉर्न रिक्षावाल्याच्या अंगावर वाजवायला जीव होईना. चार दिवस मी त्याला हात लावला नाही. "ओ काका" यानेच काम भागत होतं.

पाचव्या दिवशी दुपारी लवकर घरी आलो. कोपऱ्यावर रस्ता मोकळा होता, समोर कुणी नव्हतं. कलम १९४-एफच्या दृष्टीने पाहिलं तर तिथे हॉर्न वाजवायला एकही कारण नव्हतं. मी दोनदा वाजवला, छोटे छोटे.

वर आलो. आईच्या कानातल्या यंत्राची डबी टीव्हीवर बंद होती, यंत्र आत. गॅसवर आधण उकळत होतं. मी आईच्या जवळ जाऊन मोठ्याने विचारलं, "हॉर्न ऐकू आला?"

"कसला हॉर्न?" आई म्हणाली. "चार वाजले म्हणून चहा टाकला."

घड्याळात सव्वातीन झाले होते.